ठेवणाऱ्याचा जामीन कोण?

परवा कपाट आवरताना एक जुनी प्लॅस्टिकची फाईल हाताला लागली. वर माझ्याच अक्षरात 'बाईक - कोर्ट' असं लिहिलेलं. आत एफआयआरची कॉपी, वकिलांच्या फीची पावती आणि शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवरच्या एका बंधपत्राची झेरॉक्स. बंधपत्राखाली दोन सह्या. एक माझी, दुसरी अंकलची. त्या दुसऱ्या सहीकडे बघत बसलो आणि कपाट आवरायचं राहिलंच.

तर गोष्ट २०१८ ची आहे. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा नागपूरला, जरीपटक्यात. ज्यांना नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी: इंदोरा चौकाकडून आत आलात की दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं बदलायला लागतात. अर्ध्याहून जास्त '-आनी'ने संपणारी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली आणि शून्यातून त्यांनी हा बाजार उभा केला. वस्तीचं नाव मात्र अस्सल मराठी. जरीपटका म्हणजे मराठी फौजेचं निशाण. तर अशा या मराठी नावाच्या सिंधी वस्तीत आमचं एक घर. लहानपणी दाल-पकवान आणि तर्री-पोहे हे दोन्ही मला 'आपलंच' वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. बाबांची जुनी स्प्लेंडर दयानंद पार्कजवळ लावली, मित्रांबरोबर तासभर गप्पा मारल्या, परत आलो तर गाडी नाही! सगळ्यांना होतं तसं मलाही आधी वाटलं की आपणच दुसरीकडे लावली असेल. दोन चकरा मारल्या. मग रिपोर्ट लिहिला, आणि गाडी गेली असं मनाशी धरून पुण्याला परत आलो.

तीन महिन्यांनी फोन. "गाडी सापडली तुमची. या घेऊन जा."

आपण भाबडे. मला वाटलं आरसी बुक दाखवायचं, सही करायची, किक मारायची. दोन दिवसांची सुट्टी टाकून गेलो. त्या पोलीस ठाण्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण मागचं अंगण सगळीकडे सारखंच असतं. गंजलेल्या गाड्यांची रांग, काहींच्या चाकांतून वेल वर चढलेले, सीटची कातडी फाटलेली, टाकीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला गुन्हा नंबर. त्या रांगेत आमची स्प्लेंडर. बॅटरी नाही. दोन्ही आरसे नाहीत. टूलकिट नाही. जप्तीच्या पंचनाम्यात स्वच्छ लिहिलंय, 'चालू स्थितीत'. पण पंचनाम्यात बॅटरीचा वेगळा उल्लेख नाही.

मुद्देमाल कारकून म्हणजे तिथला एक हवालदार. माणूस वाईट नव्हता. एक खोली, त्यात चाकूपासून मिक्सरपर्यंत सगळं, गाठोडी, लाखेची सीलं, आणि एक भलंमोठं रजिस्टर. म्हणाला, "मी आत्ता दोन महिन्यांपूर्वी चार्ज घेतला ना भाऊ. आधीच्याची बदली झाली. आली तेव्हाच बॅटरी नसंन." आणि पुढे, "अन् गाडी अशी नाही भेटत. कोर्टातून ऑर्डर आणा."

म्हणजे सुपुर्तनामा. जप्त झालेली वस्तू खटला संपेपर्यंत कोर्टाच्या हुकमावर असते, तिला मुद्देमाल म्हणतात. ती मालकाला तात्पुरती सांभाळायला द्यायची तर मालकाने बंधपत्र लिहून द्यायचं. तेव्हा सीआरपीसीची कलमं ४५१ आणि ४५७ लागायची. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हे कलम ४९७ मध्ये आहे. वकिलांनी अर्ज टाकला, कोर्टाने पोलिसांचा 'से' मागवला, तो यायला दोन तारखा गेल्या. मग हुकूम झाला: पन्नास हजारांचं बंधपत्र, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट मागेल तेव्हा आणून दाखवायची.

बाईकची त्या दिवशीची किंमत, बॅटरीसकट धरली तरी, पन्नास हजार नव्हती. असो.

जामीनदार कोण? बाबांनी सेकंदभरही विचार केला नाही. "अंकलला सांग."

अंकल म्हणजे आमचे शेजारी, मार्केटमध्ये कापडाचं दुकान. १९४७ च्या गडबडीत वर्षभराचे असताना आईच्या कडेवर बसून सिंधमधून आलेले. बाबा एका सरकारी ऑफिसात रोखपाल होते. १९८४ मध्ये त्यांना कॅशवर बसवलं तेव्हा ऑफिसने तारण मागितलं: सिक्युरिटी बाँड आणि वर जामीनदार. रोखपालाने पैसे खाल्ले तर जामीनदाराने भरायचे. तेव्हाही सही अंकलचीच. थोडक्यात, आमच्या खानदानाचे ते ऑफिशियल जामीनदार होते :)

अंकल दुकान नोकरावर सोडून कोर्टात आले. सोबत टॅक्स पावती, आधार, फोटो. न्यायाधीशांनी विचारलं, यांना किती वर्षांपासून ओळखता? "जनम से, साहब." सही केली. बाहेर येऊन चहा घेताना त्यांनी सगळी भानगड पुन्हा नीट विचारून घेतली. चोराने गाडी नेली. पोलिसांनी सांभाळली. सांभाळताना बॅटरी गेली. आणि आता ती गाडी नीट सांभाळीन असं लिहून कोण देतंय, तर ज्याची गाडी तो, आणि वर त्याचा शेजारी.

"बेटा," अंकल म्हणाले, "तेरा जामीन मैं. तेरे पापा का जामीन मैं. पर जिसने गाडी रखी थी, उसका जामीन कौन?"

मी हसलो. पण उत्तर काही देता आलं नाही.

तो प्रश्न डोक्यात असा अडकला की पुण्याला परतल्यावर कित्येक रात्री मी त्यावर वाचत बसलो. (आमच्या धंद्यात याला 'उंदराच्या बिळात शिरणं' म्हणता येईल. शिरलं की डोंगर निघतो.)

पहिली गंमत. गाड्या पोलीस ठाण्यात सडवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि लवकर परत द्या, असं सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २००२ ला सांगितलं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. माझ्या वकिलांच्या अर्जातही याच निकालाचा हवाला होता. हे सुंदरभाई कोण असतील? मला वाटलं, माझ्यासारखाच कोणी गाडीवाला. नाही! त्या प्रकरणात आरोप होता पोलिसांवरच. १९९२ ते २००१ या काळात ठाण्यातला मुद्देमाल बदलून खोट्या वस्तू ठेवल्या, पैसे परस्पर वापरले, जप्त मालाचा बेकायदा लिलाव केला, रेकॉर्डमध्ये फेरफार केले, असे आरोप. म्हणजे सांभाळणाऱ्यांवर संशय आला म्हणून माल लवकर हलवा असं ठरलं. ठीकच. पण हलवताना हमी घेतली ती नेणाऱ्याकडून.

दुसरी गोष्ट मात्र गंमत नाही. २० सप्टेंबर १९४७. फाळणी होऊन महिना झालेला. अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार रलियाराम सोनं-चांदी विकायला रात्री मीरतला उतरले. पोलिसांनी संशयावरून पकडलं, कोतवालीत नेलं, माल जप्त केला. सोनं १०३ तोळे ६ मासे १ रती. आजच्या हिशोबात बाराशे ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडलं, पुढे चांदी परत मिळाली. सोनं मिळालं नाही. कारण मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल १७ ऑक्टोबरला ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता.

पेढीने सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने अकरा हजारांच्या वर रक्कम मंजूर केली, हायकोर्टाने ती फिरवली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पाच न्यायाधीशांपुढे गेलं. सप्टेंबर १९६४ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश होते आपले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. कोर्टाने मान्य केलं की पोलिसांचा निष्काळजीपणा उघड आहे, नियमाप्रमाणे असं सोनं ट्रेझरीत जायला हवं होतं. पण जप्ती करणं हे सार्वभौम सत्तेचं काम, आणि त्या कामात नोकराने केलेल्या चुकीला सरकार जबाबदार नाही. दावा फेटाळला. गजेंद्रगडकरांना स्वतःलाच हे रुचलेलं नाही हे निकाल वाचताना जाणवतं. संसदेने यावर कायदा करावा असं त्यांनी सुचवलं. १९६५ मध्ये विधेयक आलं, १९६७ मध्ये पुन्हा आलं, पास कधीच झालं नाही.

म्हणजे बघा. हवालदार पळाला, त्याच्याकडून वसुली शक्य नाही. सरकार म्हणतं मी नाही. मग सराफाने जायचं कुणाकडे?

पुढे कोर्टांनी हळूहळू वाट बदलली हेही सांगायला हवं. १९७७ मध्ये, पोलिसांच्या ताब्यातून दागिने गेलेल्या बसव्वा पाटील या बाईंच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वस्तू परत देता येत नसेल तर सरकारने किंमत द्यावी. १९९४ आणि १९९९ च्या निकालांनी तर त्या १९६४ च्या निकालाची धार बरीच बोथट केली. पण हे सगळं माल गेल्यानंतरचं, वर्षानुवर्षं कोर्टात झगडून मिळवायचं. अंकलचा प्रश्न आधीचा होता. माल हातात देण्याआधी, देणाऱ्याने काय विचारलं?

आणि हा प्रश्न काही जगावेगळा नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शेरीफ निवडून आला तरी बाँड दिल्याशिवाय खुर्चीवर बसू शकत नाही. टेक्सासमध्ये शेरीफचा बाँड पाच हजार ते तीस हजार डॉलरचा असतो. हा विमा नव्हे, हे मला उशिरा कळलं. विम्यात कंपनी पैसे भरते आणि विषय संपतो. बाँडमध्ये तीन पार्ट्या असतात: काम करणारा, ज्यांच्यासाठी काम होतं ते लोक, आणि जामीनदार. जामीनदार लोकांना भरपाई देतो आणि मग ती काम करणाऱ्याकडून वसूल करतो. ओझं शेवटी त्याच्याच खांद्यावर. म्हणजे अंकल आणि बाबा यांच्यात जे होतं, अगदी तेच.

आता कोणी म्हणेल, तीस हजार डॉलरने काय होतं? खरंय. मोठ्या प्रकरणात ती रक्कम चिल्लर ठरते, उरलेलं शहराच्या तिजोरीतून, म्हणजे लोकांच्याच खिशातून जातं. म्हणून तिकडेही वाद चालू आहे. मिनियापोलिसमध्ये प्रत्येक पोलिसाने स्वतःचा व्यावसायिक विमा काढावा अशी मागणी लोकांनी सह्या गोळा करून मतदानापर्यंत न्यायचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये तिथल्या कोर्टाने तो प्रश्न मतपत्रिकेवर येऊ दिला नाही. कोलोरॅडोने २०२० मध्ये कायदा केला: पोलिसाचं वागणं प्रामाणिक समजुतीतून झालं नाही असं ठरलं, तर भरपाईच्या पाच टक्के किंवा पंचवीस हजार डॉलर, यातली कमी असेल ती रक्कम त्याच्या स्वतःच्या खिशातून. आणि कॅलिफोर्नियातलं मेवूड हे छोटं गाव. दावे इतके झाले की विमा देणाऱ्यांनी हात वर केले, आणि २०१० मध्ये गावाने आपलं पोलीस खातंच बंद करून काम काउंटीच्या शेरीफकडे सोपवलं. मोर्चे आणि चौकशा असतातच, पण इथे पोलीस खातं बंद पाडलं ते 'आम्ही तुमचा जामीन राहणार नाही' या एका वाक्याने.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. तर आपल्याकडे काय होतं ते बघू. आपल्या जुन्या मराठी कागदांत जामीनदारांचे प्रकार सापडतात. माणूस हजर करीन असं सांगणारा हाजिरजामीन. पैसे भरीन असं सांगणारा मालजामीन. आणि तिसरा मला फार आवडला: फेलजामीन, म्हणजे माणसाच्या वागणुकीची हमी घेणारा. एल्फिन्स्टनने पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराची रीत दिली आहे. गावात चोरी झाली तर त्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावावर. माग नाही लागला तर ऐपतीप्रमाणे नुकसान त्याने भरायचं, आणि उरलेलं गावाने. ही रीत काही आदर्श नव्हती. गरीब रामोशी किती भरणार, आणि त्यापायी त्याच्यावर काय जुलूम झाले असतील, कल्पना करवत नाही. पण राखणाऱ्यालाच हमी मागायची, हा विचार मात्र या मातीत होता.

कंपनी सरकारनेही तो ठेवला, पण पैशापुरता. १८५० चा बारावा कायदा सांगतो की लोकांचे पैसे ज्याच्या ताब्यात, त्या सरकारी हिशेबनीसाने तारण दिलं पाहिजे. तीच परंपरा पुढे चालली. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतही रोकड किंवा भांडार हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून तारण घेण्याची तरतूद आहे. खेड्यातला ग्रामीण डाक सेवक तारण देतो. माझे बाबा द्यायचे. संध्याकाळी कॅश पाच रुपयांनी कमी आली तर खिशातून घालायचे आणि त्या दिवशी घरी नीट जेवायचे नाहीत.

आणि ज्याच्या खोलीत लोकांचं सोनं, गाड्या, रोकड आणि कुणाच्या तरी निर्दोषपणाचा पुरावा पडलेला असतो, त्या हवालदाराच्या हाती आपण देतो एक रजिस्टर आणि एक कुलूप.

इथे मला माझाच धंदा आठवतो. नवीन माणसाला प्रॉडक्शन सर्वरचा फुल अॅक्सेस दिला, लॉग ठेवला नाही, आणि तीन महिन्यांनी डेटा गायब झाला, तर दोष कुणाचा? आम्ही म्हणतो, सिस्टिमचा. कोणी आलं, काय उघडलं, कधी बंद केलं याची नोंद नसेल तर चांगला माणूसही स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करू शकत नाही. त्या हवालदाराचं तेच झालं होतं. "आली तेव्हाच बॅटरी नसंन," तो म्हणाला ते खरंही असेल. पण खरं आहे हे दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. चार्ज घेताना त्याला कुणी एकेक वस्तू मोजून दिली नव्हती. जामीन, तारण, बाँड हे सगळं संशयापोटी असतं असं आपल्याला वाटतं. बाबांकडे बघून मला उलटं वाटतं. हमी मागितली की मोजून द्यावं लागतं, मोजून घ्यावं लागतं, आणि मग प्रामाणिक माणूस रात्री निवांत झोपतो.

त्या हवालदाराच्या पगारातून बाँडचा हप्ता कापा असं माझं म्हणणं नाही. रामोश्याला भरायला लावण्याइतकंच ते वाईट होईल. हमी खात्याने द्यावी, हप्ता खात्याने भरावा. आणि ज्या ठाण्याचा माल सारखा हरवतो त्याचा हप्ता वाढला की वरच्या साहेबाला कळेल की कुठेतरी गळतंय. नव्या संहितेत निदान एवढं आहे की माल कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याची यादी करायची, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याचं काय करायचं ते ठरवायचं. २०१८ मध्ये असा एक फोटो असता तर बॅटरी कधी गेली हे तरी कळलं असतं. अर्थात कागदावरचं ठाण्याच्या मागच्या अंगणात कधी पोचतं, ते बघायचं.

मीरतच्या सोन्याची गोष्ट मी पुढच्या सुट्टीत अंकलना सांगितली होती, त्यांच्या दुकानातल्या गादीवर बसून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वो सोना लेके उधर गया, और हम उसी टाइम सब छोडके इधर आए." त्यांच्या वडिलांनी मागे राहिलेल्या घरादाराचे क्लेम फॉर्म भरले होते. कुठल्याशा ऑफिसात बसलेल्या अनोळखी माणसाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता, तसे सगळे पुरावे सिंधमध्येच राहिलेले. "हमको किसने पहचाना? दूसरे रेफ्यूजी ने. उसको हमने." म्हणून अंकल कुणाचाही जामीन राहायचे. मार्केटमध्ये लोक त्यांना वेड्यात काढायचे.

अंकल २०२१ मध्ये गेले. बाबा त्या दिवशी लहान मुलासारखे रडले.

बाईकची केस अजून उभी आहे. आरोपी कधी हजर असतात, कधी नसतात. स्प्लेंडर नव्या बॅटरीसकट घरी उभी असते. विकता येत नाही, भंगारात देता येत नाही. महिन्यातून एकदा बाबा तिला किक मारतात आणि पार्कपर्यंत फिरवून आणतात. कधीतरी कोर्टातून बोलावणं येईल, गाडी दाखवा म्हणून. मी नेईन. न्यायाधीश कागद बघून विचारतील, जामीनदार कुठे आहेत?

खरं तर मला नवा जामीनदार द्यायला हवा. वकील म्हणाले, कोर्टाने विचारलं तर बघू, आपण होऊन कशाला. मी फाईल परत कपाटात ठेवली. पण आता ठरवलंय की पुढच्या वेळी नागपूरला गेलो की अर्ज द्यायचाच. अंकलच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. त्याला विचारायचंय. विचारायच्या आधीच तो हो म्हणेल, हे मला माहीत आहे.